भावाला ‘कायमचं’ ठेवण्याआधी

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४१ वर्षांच्या असून पुण्यात नोकरी करतात. त्यांचा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ सोलापूर जिल्ह्यातल्या गावी ६६ वर्षांच्या आईबरोबर राहतो. तो आयटीआय झालेला वायरमन आहे. दहा वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि दोनदा मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. दर वेळी तो बरा होऊन येतो आणि काही महिन्यांनी गोळ्या सोडतो. गेलं दीड वर्ष आई त्याला न सांगता रिस्पेरिडोन या त्याच्या आजारावरच्या औषधाची गोळी कुटून चहातून देत होती. महिन्यापूर्वी त्याने ते पाहिलं. तेव्हापासून तो घरचं काही खात नाही, बंद पुड्यातली बिस्किटं आणि हॉटेलातलं खातो, आणि रात्री अंगणात फेऱ्या मारतो. नातेवाईक एका खासगी केंद्राचं नाव सुचवतात. तिथे दरमहा पैसे भरले की ‘कायमचं’ ठेवून घेतात. “आईनंतर त्याचं कोण करणार? जवळपास उपचार नाहीत. अशा केंद्रात ठेवणं चूक ठरेल का, आणि चांगलं केंद्र ओळखायचं कसं?” असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. भावाने काय केलं, काय खाल्लं, कोणावर ओरडला, हे सगळं त्यात आलं आहे. त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. त्याने गोळ्या का सोडल्या, त्याला दिवसभर काय करावंसं वाटतं, दवाखान्यात परत जायचं म्हटलं की नेमकी कशाची भीती वाटते? हा दोष मी तुम्हाला देत नाही. दहा वर्षांत कोणत्याही डॉक्टरने तुमच्यासमोर त्याला हे विचारलं नसेल, तर घरच्यांना ते सुचावं कसं? पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं, म्हणून केंद्राकडे मी नंतर येते.

आधी तातडीची गोष्ट. महिनाभर त्याच्या पोटात औषध नाही आणि झोप उडाली आहे. आजार उलटण्याची सुरुवात बहुतेकदा झोपेपासूनच होते. त्यामुळे या आठवड्यात दोन कामं करायची आहेत. डॉक्टरांना चहाची गोष्ट खरी खरी सांगायची आणि भावाची माफी मागायची.

डॉक्टरांना सांगायचं कारण असं. चहा अर्धा टाकला की गोळीही अर्धीच जाते, दुसऱ्या दिवशी पूर्ण जाते. डॉक्टर समजतात की रुग्ण रोज ठरलेली मात्रा घेतोय, तरी गुण नाही, म्हणून ते मात्रा वाढवतात. रिस्पेरिडोनचं पातळ औषधही मिळतं, पण ते चहात किंवा कोलात मिसळायचं नसतं, तशी सूचना औषधाबरोबरच असते. मूड स्थिर ठेवणाऱ्या काही गोळ्या पोटात हळूहळू सुटतील अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. आणि ज्याला आपण औषध घेतोय हेच ठाऊक नाही, तो त्याचे त्रास कोणाला सांगणार? त्याला फक्त कळतं की अंग जड झालंय, जीभ वळत नाहीये आणि कोणीतरी आपल्याला काहीतरी घालतंय. त्याच्या आजारातला सगळ्यात मोठा संशय तुमच्या चहाने खरा ठरवला. पुन्हा कशातही काही मिसळू नका, दुसऱ्या नावाने नाही आणि प्रसादातून तर अजिबात नाही.

माफी आईने मागावी, तुम्ही शेजारी असावं. लांबण लावू नका. “तुला न सांगता गोळी दिली, चुकलं माझं. यापुढे कधी देणार नाही,” एवढं पुरे. त्या वेळी गोळीचा आग्रह धरू नका, नाहीतर माफी म्हणजे आमिष वाटेल. मग जेवणाची व्यवस्था बदला. एकाच पातेल्यातून सगळ्यांनी वाढून घ्यायचं, त्याने स्वतःच्या हाताने घ्यायचं, आईने आधी खायचं. चहा त्याचा त्याने करावा, दूध-साखरेचे डबे त्याच्यासमोर उघडावेत. काही दिवस अंडी, केळी, शेंगा असे सालीसकटचे पदार्थ घरात ठेवा. हे सुरळीत व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

आता, तो गोळ्या का सोडतो? ‘त्याला आजाराची जाणीव नाही’ हे उत्तर आपण फार पटकन देतो. काही वेळा ते खरंही असतं. पण या औषधांचे त्रास खरे असतात. पायांत अशी चुळबूळ लागते की माणूस बसू शकत नाही. त्याचं रात्रीचं फेऱ्या मारणं आजाराचं की पूर्वी कधी गोळ्या चालू असतानाही होतं, हे आठवून डॉक्टरांना सांगा, कारण दोन्हींचे उपाय उलट आहेत. हात थरथरतात, लाळ गळते, सकाळी दहापर्यंत डोळा उघडत नाही. वायरमनचे हात थरथरले तर त्याने शिडीवर चढायचं कसं? रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा आणि ताकद कमी होते, कधी छातीही सुजते. चौतिशीतला मुलगा आईसमोर हे डॉक्टरांना सांगणार नाही, तो गोळी सोडून मोकळा होईल. म्हणून पुढच्या भेटीत पाच मिनिटं त्याला डॉक्टरांबरोबर एकट्याला बसू द्या. तुम्ही बाहेर थांबा, मग आत जा.

यातल्या बहुतेक त्रासांवर उपाय आहेत. मात्रा कमी करता येते, गोळी रात्रीवर नेता येते, औषध बदलता येतं. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, पण त्याने बद्धकोष्ठता आणि विसराळूपणा येऊ शकतो, म्हणून ते वर्षानुवर्षं आपोआप चालू ठेवायचं नसतं. रोजच्या गोळीचा वाद नको असेल तर लांब पल्ल्याचं इंजेक्शन हा पर्याय आहे. फ्लुफेनाझिन दोन ते चार आठवड्यांतून एकदा देतात. ते जुनं आणि स्वस्त आहे, मात्र अंग ताठरण्याचा त्रास त्यात जास्त. पॅलिपेरिडोन महिन्यातून एकदा देतात, पण ते महाग पडतं. इंजेक्शनही त्याच्या होकारानेच द्यायचं. धरून-बांधून दिलेलं पहिलं इंजेक्शन बहुधा शेवटचं ठरतं. औषध कोणतंही असो, सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटी साखर तपासायला हवी. ओलान्झापिन हे औषध चालू असेल तर हे हटकून करा.

‘जवळपास उपचार नाहीत’ हे तुमचं वाक्य एकदा तपासून पाहू. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. जिल्हा पातळीवरच्या त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदं असतात. हे पथक ठरलेल्या वारी काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ओपीडी घेतं. पदं रिकामी असणं आणि वार चुकणं हे दोन्ही घडतं, म्हणून भावाला घेऊन थेट जाऊ नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर वार विचारा, गावातल्या आशाताईंना विचारा, किंवा १४४१६ वर फोन लावा. ती ‘टेलि मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक फक्त आत्महत्येचा विचार आलेल्यांसाठी आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तुमच्यासारख्या नातेवाइकांनी माहितीसाठी केलेला फोनही तिथे घेतला जातो.

पहिल्या भेटीला एकाच पिशवीत सगळं न्या. मनोरुग्णालयाची डिस्चार्ज कार्डं, जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि एका कागदावर लिहिलेला इतिहास, म्हणजे कोणतं औषध कधी, किती दिवस घेतलं, त्याने काय बरं झालं, कशाचा त्रास झाला. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागण्याचा कायद्याने हक्क आहे. सरकारी औषधयादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे मोफत मिळायला हवीत, हेही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातच आहे. प्रत्यक्षात साठा संपतो. गोळ्या तुटण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्याचा दोष फुकट रुग्णावर येतो. म्हणून शेवटची पट्टी उघडल्यावर नव्हे, आठवडाभर औषध शिल्लक असतानाच जायचं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं, म्हणजे इथे नसलं तर जनऔषधी केंद्रात विचारता येतं.

आता केंद्राबद्दल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात ‘कायमचं ठेवून घेणं’ अशी सोयच नाही. भाऊ स्वतःच्या इच्छेने दाखल झाला तर त्याच्या इच्छेने बाहेर पडू शकतो. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचाराच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभं राहायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे न्यायची झाली तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. तीही टप्प्याटप्प्याने मिळते, आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग १८०. घरचे सांभाळायला तयार नाहीत, एवढ्या कारणावरून कोणाला संस्थेत ठेवता येत नाही. जे केंद्र पैसे घेऊन कायमचं ठेवण्याची हमी देतं, ते एकतर कायदा मोडतंय किंवा मोडणार आहे. हा भाग तुम्हाला कठोर वाटेल. पण ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत अशाच एका खासगी ठिकाणी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं होरपळून गेली. त्यांनाही घरच्यांनी चांगल्या हेतूनेच तिथे सोडलं होतं.

थोड्या काळासाठी दाखल करणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, ती लागू शकते. आजार भडकला, त्याच्या किंवा आईच्या जिवाला धोका झाला, तर दोन-चार आठवडे रुग्णालयात काढण्यात गैर काही नाही. केंद्र पाहायला जाल तेव्हा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून कोणत्या वारी येतात, हे नुसत्या व्यवस्थापकाला नाही, तिथल्या परिचारिकेलाही विचारा. रुग्णांचे केस सरसकट कापलेले दिसले, सगळ्यांना एकसारखे कपडे दिसले, झाडू-पोछा रुग्णच फुकट करताना दिसले तर परत फिरा. सक्तीने मुंडण न होण्याचा, स्वतःचे कपडे घालण्याचा आणि कामाचा मोबदला मिळण्याचा हक्क कायद्याने त्यांना दिला आहे. कुलपाची चावी रात्री कोणाकडे असते, तेही विचारा. फोन करू देतात का, न कळवता भेटायला येता येतं का, आणि विजेचे झटके दिले तर भूल देऊनच देतात ना? भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता झटके देण्याला बंदी आहे.

तुमचा खरा प्रश्न ‘आईनंतर कोण?’ हा आहे. तो एका संस्थेने सुटत नाही. आत्तापासून त्याच्याभोवती थोडी थोडी माणसं आणि कामं उभी केली तर सुटायला लागतो. साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरी गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते वर्षभर जात राहिले, ओपीडीचे उपचार चालूच होते. नुसती ओपीडी मिळालेल्यांपेक्षा या लोकांची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण जरा कमी झाली. फरक फार मोठा नव्हता, पण तो घडवणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या गावात असा प्रकल्प नसेल, तरी त्यातला मूळ भाग करता येतो. औषधाची आठवण, घरच्यांना समजावणं, बाहेर पडायला सोबत आणि कामाची सुरुवात.

कामाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण या माणसांशी बोललं की ती स्वतः हेच आधी मागतात. आपण म्हणतो, आधी बरा होऊ दे, मग काम. बऱ्याच जणांच्या बाबतीत काम मिळाल्यावरच बरं होण्याला आधार मिळतो. पण एकदम आठ तासांवर आणि खांबावर पाठवू नका. गोळ्यांमुळे गुंगी आहे तोवर उंचीवरचं आणि चालू लाइनचं काम नको. मोटर वाइंडिंग किंवा पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात दिवसाचे दोन तास, दुपारनंतर, आठवड्यातले चार दिवस, अशी सुरुवात करा. दुकानदाराला आजाराचं नाव सांगायचं की नाही हे भावाने ठरवावं. पैसे त्याच्या हातात पडावेत, आईच्या नाही. दोन महिने टिकलं तर तास वाढवा, मोडलं तर परत दोनावर या.

घरात बोलण्याची पद्धतही बदलावी लागेल. सततची टीका आणि टोमणे यांनी हा आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. “किती झोपतोस”, “शेजारचा बघ”, हे थांबवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, लहान वाक्यात. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असा वाद घालू नका आणि खरे आहेत असंही म्हणू नका. “मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय,” असं म्हणा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला की जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम या चार बाबींवर गुण देतात. तपासणीला जाताना त्याला कडक इस्त्रीत ‘चांगला दाखवून’ नेऊ नका आणि मुद्दाम अस्ताव्यस्तही ठेवू नका, गेल्या काही महिन्यांतली खरी उदाहरणं लिहून न्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात विचारता येतं, उत्पन्नाची अट आहे. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हे मात्र त्याने ठरवायचं. आणखी एक : कायदेशीर पालकत्वासाठी काही एजंट ‘राष्ट्रीय न्यास’कडे पाठवतात. तो न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, स्किझोफ्रेनियासाठी नाही. तिथे हेलपाटे घालू नका.

तो बरा असेल तेव्हा दोन कागद करून घ्या. पहिला नामनिर्देशित प्रतिनिधीचा. साध्या कागदावर त्याने नाव लिहून सही केली की पुरतं, आणि त्याला दुसरं कोणी हवं असेल तर ते तुम्ही असायलाच हवं असं नाही. दुसरा आगाऊ निर्देश, म्हणजे पुढे निर्णय घेता येत नसेल तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत. तो दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करून पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायचा. तातडीच्या उपचाराला तो लागू होत नाही. ज्या माणसाला लपवून गोळी दिली गेली, त्याच्यासाठी ‘माझं कोणीतरी लिहून घेतलं’ हाच मोठा बदल असतो.

तुमच्यासाठीही एक सांगते. तुम्ही पुण्यात आहात. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी काम करणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासून पुण्यातच आहे. तिथे जा, तुमच्यासारख्या इतर घरच्यांशी बोला. आईला वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर स्वतःकडे बोलवा आणि त्या दिवसांत भावाजवळ चुलत्यांपैकी किंवा मित्रांपैकी कोणी राहील असं ठरवा. आईनंतरच्या दिवसांची तीच तालीम आहे.

आणि एवढं करूनही तो दवाखान्यात यायला नाहीच म्हणाला तर? तरी तुम्ही एकट्या जा. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता नातेवाइकाशीही बोलतो. त्याच्या संमतीशिवाय ते त्याची खासगी माहिती तुम्हाला देणार नाहीत, पण तुमच्याकडची माहिती घेऊ शकतात. भावाला ‘वेडाचा डॉक्टर’ नको असेल, तर झोप येत नाही या तक्रारीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ, असं विचारा. तक्रार खरी आहे, त्यामुळे यात फसवणूक नाही. दोन-तीन आठवडे असे प्रयत्न करायला हरकत नाही, मात्र पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. तो मरण्याबद्दल बोलला, आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतायत असं म्हणाला, दोन दिवस पाणीही प्यायला नाही, सलग तीन रात्री डोळा लागला नाही, किंवा औषध सुरू झाल्यावर तापाने फणफणून अंग ताठ झालं. यातलं शेवटचं दुर्मीळ आहे, पण जीवघेणं आहे. तिथे घरी थांबायचंच नाही, थेट रुग्णालय.

अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्रातलासुद्धा, जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेतो. ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही’ म्हणून परत पाठवलं तर हा नियम शांतपणे सांगा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना तसं केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. पोलीस आलेच, तर त्यांनी २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, कोठडीत ठेवायचं नसतं. १०८, १४४१६, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन आणि सोबत येऊ शकेल अशा गावातल्या दोघांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या फोनशेजारी भिंतीवर लावा. लावताना भावाला दाखवा, आणि त्याला तिसरं एखादं नाव सुचवायचं असेल तर तेही लिहा.